थेऊरनंतरची वीस वर्षं

वाचकांचे प्रश्न, लेखिकेची उत्तरं

गेल्या अंकात संपादकांनी माझ्या कादंबरीमालिकेबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सगळी वाचली, काही दोनदा वाचली. प्रत्येकाला इथे उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शके १६९४, कार्तिक वद्य अष्टमी, बुधवार, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ या दिवशी थोरले माधवराव पेशवे थेऊरला राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, गेले. वय अवघं सत्तावीस. माझ्या मालिकेत ते त्या दिवशी जात नाहीत, पुढची वीस वर्षं जगतात. मी केलेला बदल एवढाच. बाकी जे काही घडेल ते त्यातूनच निघालं पाहिजे, अशी अट मी स्वतःला घालून घेतली आहे. पहिला खंड १७७२ ते १७७५, दुसरा १७८१पर्यंत. तिसऱ्यावर काम चालू आहे.

लेखनाकडे मी उशिरा वळले. त्याआधी चोवीस वर्षं हिशेबतपासणीच्या नोकरीत काढली. मधली एक रक्कम बदलली की खालच्या सगळ्या बेरजा पुन्हा कराव्या लागतात, हे त्या नोकरीत अंगवळणी पडलं. कादंबरी लिहिताना मी तेच करते आहे.

‘ताई, मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि प्रत्येक वर्गात सांगितलं की इतिहासात जर-तरला जागा नाही. तुम्ही नेमका तोच जर-तर घेऊन बसला आहात. मुलांचा गोंधळ होणार नाही का?’ (एक निवृत्त शिक्षक)

सर, तुम्ही वर्गात शिकवलंत ते बरोबरच आहे. जे घडलं तेच इतिहासाचं क्षेत्र. पण इतिहासकारही जर-तर करतातच, फक्त एका वाक्यात करतात आणि पुढे जातात. माधवरावांच्या अकाली मृत्यूपेक्षा पानिपतचं मैदानही मराठी राज्याला जास्त घातक ठरलं नाही, हे ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफचं मत आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलं. आता हे मत पटायचं असेल तर ‘ते जगले असते तर’ याचं काहीतरी चित्र मनात असावं लागतं. ते चित्र कुणी उलगडून दाखवलेलं नाही. कोणता पैसा कुठून आला असता, कोण कुणाच्या हाताखाली राहिला असता, कोणती लढाई टळली असती आणि कोणती टळली नसती, हे कुणी मांडून बघितलेलं नाही. मी ते मांडते आहे.

गोंधळाची भीती मात्र खरी आहे, तिच्याबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिते.

‘क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मग तुमचे माधवराव वाचले कसे? पहिल्या खंडात तुम्ही हे फार घाईत उरकलं आहे.’ (एक डॉक्टर)

घाईत उरकलं नाही, मुद्दाम थोडक्यात ठेवलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दाखवला १८८२मध्ये, आणि त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आलं १९४०च्या दशकात. तेव्हा १७७२च्या थेऊरला कुणा वैद्याच्या हाती जादूची मात्रा देणं म्हणजे दुसरा बदल करणं. तो मला करायचा नव्हता.

पण औषध नसतानाही क्षयाचा प्रत्येक रोगी दगावत नसे, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. काहींच्या शरीरात तो रोग आपोआप दबून बसे आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं जगे. जुन्या घराण्यांत अशी एखादी आजी असतेच, जिची तरुणपणी आशा सोडली होती आणि जिने नंतर नातवंडांची लग्नं पाहिली. मला हवी होती ती एवढीच शक्यता. चमत्कार नको होता.

आणि ते बरे होत नाहीत, फक्त जगतात. दोन्ही खंडांत एकही प्रकरण असं नाही की ज्यात त्यांना खोकल्याची ढास लागत नाही. खऱ्या आयुष्यातही कर्नाटकाच्या अखेरच्या मोहिमेत दुखणं बळावल्यावर त्यांना ती त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून मागे फिरावं लागलं होतं. माझ्या मालिकेत ते पुन्हा कधीच घोड्यावर बसून स्वारीला जात नाहीत. पेशवा जिवंत आहे, त्याची बुद्धी शाबूत आहे, पण तो फौजेपुढे उभा राहू शकत नाही. अशा राज्याचं काय होतं, याचा शोध घेण्यातच माझा दुसरा खंड गेला.

‘नाना फडणीस इतके फिके का? आम्ही लहानपणापासून ज्यांना राज्याचा तारणहार मानलं ते तुमच्याकडे नुसते कागद हलवतात.’ (अशा आशयाची अकरा पत्रं)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. नानांवर माझा राग नाही, उलट फार जीव आहे. आई बरोबर असताना पानिपताच्या धामधुमीत सापडलेला, आईला गमावून कसाबसा परतलेला तो विशीही न गाठलेला मुलगा, आणि पुढे त्यानेच लिहून ठेवलेलं ते लहानसं आत्मवृत्त. ते वाचून कुणाचं मन हलणार नाही?

पण बघा, नाना मोठे झाले कशाने? ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांचा खून झाला. गादी रिकामी झाली, त्यांचे काका दादासाहेब, म्हणजे राघोबादादा, तिच्यावर बसले, त्यांना हटवायला १७७४मध्ये बारभाई, म्हणजे कारभाऱ्यांचा गट, एकत्र आले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार चालवायला कुणीतरी हवं होतं. त्या जागेवर नाना आले. त्यांची बुद्धी त्यांचीच, पण त्यांना जागा मिळवून दिली ती एका खुनाने.

माझ्या जगात खून होत नाही, कारण नारायणराव गादीवरच नाहीत. थोरले बंधू हयात आहेत. मग बारभाई नाहीत, तान्हा पेशवा नाही, आणि तिशीतले नाना आहेत तिथेच आहेत: फडावर, हिशेबाच्या चवडीमागे, एका कडक आणि बारीक नजरेच्या धन्याच्या हाताखाली. माधवराव आपल्या कारभाऱ्यांना मोकळं सोडणारे नव्हते. मग मी नानांना कोणत्या तोंडाने सर्वाधिकारी करू?

दुसऱ्या खंडातलं एक प्रकरण मी पाच वेळा लिहिलं. नाना रात्री एकटेच बसून साष्टीच्या जमेचा ताळा घेत आहेत. आपल्याला आणखी काही करता आलं असतं, असं त्यांना पुसटसं जाणवतं. काय ते त्यांना कळत नाही. कळणार तरी कसं? ते आयुष्य त्यांनी जगलेलंच नाही. ते मी आणि तुम्हीच ओळखतो. ज्यांना नाना फिके वाटले त्यांनी तेवढं प्रकरण पुन्हा वाचावं, अशी माझी विनंती आहे.

रामशास्त्र्यांबाबतही असंच झालं. खुनाबद्दल दादासाहेबांना देहान्त प्रायश्चित्त सुनावण्याचा तो प्रसंग त्यांच्या वाट्याला येतच नाही. ते आपल्या न्यायासनावर बसतात, वतनाचे तंटे निकालात काढतात. लिहिताना मला फार जड गेलं.

‘दुसऱ्या खंडात १७७९च्या एका प्रसंगात एक कारकून म्हणतो, “यात कुणीतरी ध चा मा केलेला दिसतो.” हे कसं शक्य आहे?’ (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

शक्य नाही. चूक माझी आहे. छापून झाल्यावर तुझ्या पत्रानेच ती मला कळली. मी उठून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी: नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम होता आणि त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ झालं, अशी वदंता आहे. तिच्यातून हा वाक्प्रचार आला. खूनच झाला नाही तर तो आपल्या भाषेत येणार कुठून? ‘काका, मला वाचवा’ही नाही. शनिवारवाड्याच्या नारायण दरवाज्यालाही ते नाव नाही, कारण नारायणरावांचा देह ज्या दरवाज्याने बाहेर नेला त्याला ते नाव पडलं, असं सांगतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक बटीक याच दरवाज्याने पाणी घेऊन आत येत होती. तिथे मला चूक सापडली होती. इथे नाही सापडली.

तुझ्या पत्रानंतर मी एक वेगळी वही घातली. १७७२नंतरच्या घटनांमधून मराठीत आलेले शब्द आणि म्हणी तिच्यात उतरवते. तिसऱ्या खंडातलं प्रत्येक पात्र बोलायला लागलं की ती वही शेजारी उघडी असते. ‘पानिपत होणं’ मला चालतं, पानिपत आधीच होऊन गेलं आहे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांचं काय करावं हे ठरत नाही. त्यातले विठ्ठल सुंदर १७६३च्या राक्षसभुवनच्या लढाईत पडले, तेव्हा तीन शहाणे आधीचेच. पण अर्धे शहाणे म्हणजे नाना, आणि माझ्या जगात नानांना लोक तेवढं मोजतील का? सध्या मी तो शब्द टाळते आहे.

भाषेत इतका इतिहास मुरलेला असतो, हे मला ही मालिका लिहिण्याआधी ठाऊक नव्हतं. आपण दिवसभर बोलतो त्यात कुणाचा खून आहे, कुणाचा पराभव आहे, आणि बोलताना आपल्याला त्याची आठवणही नसते.

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य बदललेलं असेल. तुझे मनापासून आभार.

‘लेखणी तुमच्या हातात असताना साष्टी इंग्रजांना कशी काय जाऊ दिली? पर्यायी इतिहास लिहायचा आणि तिथेही हरायचं?’ (संतापलेली बरीच पत्रं)

तुमचा संताप मला कळतो, कारण तो माझाही होता. पहिल्या आराखड्यात मी साष्टी राखली होती. मग हिशेब करायला बसले.

खऱ्या इतिहासात १७७४च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे दादासाहेबांशी सुरतेचा तह, वडगावची लढाई, १७८२चा सालबाईचा तह. दादासाहेब माझ्याकडे नजरकैदेतच आहेत, त्यामुळे सुरतेचा तह होत नाही. एवढ्यावर वाचकाला वाटतं, सुटलो. पण साष्टी-वसईवर मुंबईकरांचा डोळा दादासाहेबांमुळे नव्हता. त्यांचा वकील मॉस्टिन पुण्यात आला तो १७७२मध्ये, माधवराव आजारी असतानाच, आणि साष्टी-वसईची इच्छा घेऊनच आला. मुंबई बंदराला लागून असलेली ती जमीन त्यांना हवीच होती. माधवराव जगले म्हणून ती हाव मरत नाही. ती वेगळं निमित्त शोधते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे माझी जुनी नोकरी उपयोगी पडली. १७६५मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यापासून कंपनीकडे एका समृद्ध सुभ्याचा वसूल येत होता. शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार देता येत होता. आपल्याकडे सरंजाम पद्धत: सरदाराला मुलूख तोडून द्यायचा, त्याने फौज बाळगायची, आणि बोलावल्यावर तो येतो का नाही हे बघत बसायचं. त्यावर सावकारांचं देणं. अखेरच्या दिवसांत माधवरावांनी जी नऊ कलमी यादी केली तिच्यात कर्जफेडीचा विषय आहे, काशी-प्रयागचा आहे, दादासाहेबांच्या बंदोबस्ताचा आहे. मरणाच्या दारात उभा असलेला सत्तावीस वर्षांचा माणूस कर्जाचा घोर करतो आहे. तो जगला म्हणून ते कर्ज नाहीसं होत नाही. उलट आता ते त्यालाच फेडायचं आहे.

म्हणून माझ्याकडे साष्टी जाते आणि वसई राहते. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी एवढ्या किमतीला घेतलेली वसई राहते, कारण तिथे वेळेवर दारूगोळा पोचतो, आणि तो पोचतो कारण पुण्यात हुकूम देणारा एकच माणूस आहे. एका माणसाच्या आयुष्याने घडणारा फरक माझ्या मते एवढाच. तो लहान नाही. पण त्याहून मोठा दाखवला तर मी तुम्हाला फसवलं असं होईल, आणि माधवरावांनाही.

‘मी दहावीत आहे. मलाही असं काहीतरी लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?’

बाळ, तारखांपासून कर. आणि अंतरांपासून.

एक उदाहरण देते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली. माधवरावांचे वडील नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. ‘दोन मोती गळाले’ हे सावकाराचं पत्र त्यांना मिळालं ते २४ जानेवारीच्या सुमाराला, भेलशाजवळ (आताचं विदिशा). पानिपत ते भेलसा अंदाजे सातशे किलोमीटर. म्हणजे खूप निकड असलेली बातमीसुद्धा दिवसाला सत्तर किलोमीटरच्या आसपास जात होती. दहा दिवस नानासाहेब अशा जगात वावरत होते जिथे त्यांचा मुलगा आणि भाऊ जिवंत होते.

तू नकाशा घे, पट्टी घे आणि तुझ्या गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला प्रत्येक बातमी कधी कळेल हे लिहून काढ. मग बघ, अर्धं कथानक आपोआप तयार होतं. कल्पनाशक्ती तुझ्याकडे आहेच, पत्रावरून दिसते.

‘कादंबरीतली मोडी पत्रं खरी आहेत का? ती कोणत्या दप्तरात बघायला मिळतील?’ (कितीतरी पत्रं)

नाही. दोन्ही खंडांतली १७७२च्या कार्तिकानंतरची एकूण एक पत्रं माझी, कल्पित आहेत. हे मी इथे स्वच्छ लिहिते, कारण या बाबतीत माझ्या हातून नकळत एक नुकसान झालं आहे.

मागच्या वर्षी एका जाहीर सभेत एका वक्त्याने दुसऱ्या खंडातलं एक पत्र अस्सल म्हणून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्याच पानाचा फोटो नंतर मोबाइलवर फिरत फिरत माझ्याकडे आला, आणि त्याखाली ‘इतिहासकारांनी दडपलेलं पत्र’ असं लिहिलेलं होतं. मी त्या वक्त्यांना कळवलं, त्यांनी मान्य केलं, विषय संपला. पण तो फोटो अजून फिरतोच आहे.

मला ते लागलं, कारण खरी पत्रं काय असतात हे मी पाहिलं आहे. मोडी शिकायला मला दोन वर्षं लागली. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, दोन शब्दांत जागा नाही, हात उचलायचा नाही. पहिले सहा महिने माझा डोळा ओळीत कुठे थांबायचं हेच शोधत होता. आणि दप्तराचा रुमाल सोडून पहिला अस्सल कागद समोर आला त्या दिवशी त्याच्यावर बारीक चकाकणारे कण होते. शाई टिपायला टाकलेली वाळू. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी चिमटीने टाकली, ती अजून अक्षरांना चिकटून होती. मी श्वास रोखून धरला होता, उडून जाईल म्हणून.

इतिहाससंशोधक राजवाड्यांपासून खरे, सरदेसायांपर्यंत माणसांनी आयुष्यं घालवून असे कागद जमवले, वाचले, छापले. माझ्या चार बनावट ओळी त्यांच्या रांगेत जाऊन बसाव्यात, हे मला सहन होण्यासारखं नाही. तिसऱ्या खंडात प्रत्येक पत्राखाली ‘कल्पित’ असं छापलं जाईल. फोटो काढणारा तो शब्द कापून टाकेल, म्हणून पत्राच्या आतही एक खूण ठेवते आहे: तिथी आणि वार एकमेकांशी जुळणार नाहीत. जंत्री उघडणाऱ्याला पत्र खोटं आहे हे दोन मिनिटांत कळेल. सध्या लिहिलेल्या पत्रांपैकी एक असं आहे: ‘श्रीमंतांचा खोकला काल रात्रौ उणा. पेज दोन वेळ घेतली. फडावर येऊ म्हणतात, आम्ही वारिले. बहुत काय लिहिणे.’ हे मी लिहिलं आहे. कुठल्याही दप्तरात शोधू नका.

‘तिसरा खंड कधी?’ (बाकी सगळे)

बेचाळीस प्रकरणांचा आराखडा आहे. एकोणतीस झाली आहेत. गेल्या वर्षी याच सुमाराला छत्तीस झाली होती.

मागे का आले ते सांगते. माझ्या भिंतीवर एक लांब तक्ता आहे. डावीकडे घडलेलं, उजवीकडे माझं, सालाप्रमाणे एकासमोर एक. एका संध्याकाळी पुढचं प्रकरण घेण्याआधी मी तो वरून खाली वाचत होते. १७८४ला आले आणि दिसलं की दोन्ही बाजूंना एकच मजकूर आहे. महादजी शिंदे उत्तरेत, बादशहाकडून वकील-ए-मुतलकी, म्हणजे बादशाहीचं मुखत्यारपद, युरोपीय सेनानी द बॉयनला नोकरीत घेऊन कवायती फौजेची उभारणी. डावीकडे जे घडलं तेच मी उजवीकडे उतरवलं होतं. एवढी वर्षं मोजून मापून बदल करत आले आणि महादजींपाशी माझा हात ढिला पडला, कारण त्यांचा तो पराक्रम मला प्रिय आहे.

पण महादजींना ती मोकळीक मिळाली ती पुण्यात कुणी बलवान पेशवा नव्हता म्हणून, आणि सालबाईच्या तहात दोन्ही पक्षांचे जामीन म्हणून ते उभे राहिले त्यातून त्यांचं वजन वाढलं म्हणून. माझ्या जगात सालबाई नाही. पुण्यात माधवराव आहेत, आणि ते दर साली उत्तरेचा जमाखर्च मागवणार. तो न आल्यास कारकून पाठवणार. कारकुनाला परत पाठवलं तर? तिथून माझा तिसरा खंड नव्याने सुरू झाला. एकशे चाळीस पानं दोरीने बांधून कपाटात ठेवली. एका लंगड्या, हुशार, स्वाभिमानी सरदाराचं आणि एका आजारी, हुशार, स्वाभिमानी धन्याचं ते पत्रयुद्ध लिहिताना मला जो आनंद मिळतो आहे तो आधीच्या दोन खंडांत मिळाला नव्हता.

शिवाय जन्मांचा प्रश्न आहे. नोव्हेंबर १७७२नंतर ज्याचा गर्भ राहिला तो माणूस माझ्या जगात नाही, असा माझा नियम आहे. दिवस बदलले, घरं बदलली, तर मूलही तेच राहणार नाही. सवाई माधवराव नाहीत. दुसरे बाजीराव १७७५च्या जानेवारीत धारला जन्मले, दादासाहेबांच्या पळापळीत. माझ्याकडे ती पळापळच नाही, तर बाजीरावही नाहीत. माधवरावांना मूल नव्हतं, ते मी दिलेलं नाही. मग गादी जाणार नारायणरावांकडे. हा मुलगा अठरा पूर्ण होतो न होतो तोच मारला गेला आणि तापट, अविचारी म्हणून कायमचा ठरला. अठराव्या वर्षी आपल्यापैकी कोण शहाणं असतं? तिसऱ्या खंडाच्या शेवटी ते सदतीस वर्षांचे आहेत. सदतीस वर्षांचे नारायणराव कसे बसतात, कसे रागावतात, राग कसा गिळतात, हे कुणीही पाहिलेलं नाही. तेवढ्यासाठी तरी मला थोडा वेळ द्या. हस्तलिखित या वर्षअखेरीस प्रकाशकांच्या हाती देण्याचा प्रयत्न आहे.

‘रमाबाईंचं काय करणार आहात?’ (एक गृहिणी)

बाई, दोनशे पत्रांत हा प्रश्न तुम्ही एकट्यांनीच विचारलात.

मालिकेची सुरुवातच तिथे झाली. मी थेऊरला गेले होते. चिंतामणीच्या दर्शनाला मोठी रांग होती. दर्शन झाल्यावर नदीकडे उतरले. मुळामुठेच्या काठी माधवरावांमागे सती गेलेल्या त्यांच्या पत्नी रमाबाईंचं वृंदावन आहे. तिथे कुणीही नव्हतं. दगड तापलेला होता, हात ठेवला तर चटका बसला. तेव्हा मनात आलं की ते त्या दिवशी गेले नसते तर याही गेल्या नसत्या. माधवरावांनी काय काय केलं असतं यावर सगळे बोलतात. रमाबाईंनी ती वर्षं कशी घालवली असती हे कुणाच्या मनात येत नाही. त्यांच्याबद्दलचे कागदही फार थोडे.

म्हणून दोन्ही खंडांत त्या आहेत, तिसऱ्यात सर्वांत जास्त आहेत. आजारी माणसाची शुश्रूषा करत करत राज्याचे कागद ऐकणारी, पुढे स्वतः वाचून दाखवणारी, मग काय वाचून दाखवायचं आणि काय उद्यावर टाकायचं हे ठरवणारी बाई.

आता १७९२ आलं आहे. माधवराव सत्तेचाळिसाव्या वर्षी जातात, ते ठरलेलं आहे आणि ते प्रकरण लिहून झालं आहे. त्याच्या पुढचं प्रकरण मी दोनदा लिहिलं. एकात त्या नदीकडे जातात. दुसऱ्यात जात नाहीत. त्या घरात न जाण्याच्याही वाटा होत्या: सासूबाई गोपिकाबाई नानासाहेबांच्या मागे १७८८पर्यंत जगल्या, आणि पानिपतात पडलेल्या भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पती गेले हेच मानलं नाही. रमाबाईंनी ही दोन्ही आयुष्यं पाहिली. सत्तावीस वर्षांच्या पतीमागे गेलेली ती तरुणी आणि वीस वर्षं राज्याचे कागद वाचलेली ही बाई, दोघींचा निर्णय एकच असेल का?

दोन्ही खर्डे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आहेत. काल सकाळी दुसऱ्या खर्ड्यात एक ओळ वाढवली: नारायणराव निरोप घेऊन दाराशी येतात, आणि आतून त्या विचारतात, ‘उत्तरेचा जमाखर्च आला का?’